दहा जोड्या

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो असा : एवढ्या मोठ्या देशात दुकाने किती, कारखाने किती, त्यांत माणसे किती राबतात, हे सरकारला कळते कसे, ते साध्या वाचकाला समजेल असे लिहा. तीस वर्षांहून अधिक काळ मी हेच काम केले. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात संशोधन सहायक म्हणून लागलो आणि एका जिल्हा कार्यालयातून निवृत्त झालो. विषय पाठ आहे असे वाटून लगेच होकार दिला. लिहायला बसलो तेव्हा मात्र जूनमधली एक दुपार डोळ्यांसमोरून हलेना.

पाऊस लागला होता. वाडीवरची एक कातकरी बाई आणि तिच्याबरोबर संघटनेचा एक मुलगा माझ्या दारात उभे होते. तिने मला ओळखले. मी तिला ओळखले नाही. म्हणाली, "सायेब, तुमी त्या साली आमच्या भट्टीचा समदा लिवून नेला ना? त्याचा कागद द्या."

राज्य मंत्रिमंडळाने पोशीर धरण प्रकल्पाला मान्यता दिल्यापासून कर्जत तालुक्याच्या त्या पट्ट्यात दुसरा विषय नाही. कोणाचे काय बुडणार, कोणाला काय मिळणार. 2013 च्या भूसंपादन कायद्यात एक चांगली तरतूद आहे : ज्याची जमीन नाही, पण जो संपादनाआधी 3 वर्षे त्या भागात काम करत होता आणि ज्याची रोजीरोटी जाते, असे कुटुंबही बाधित धरायचे. बाई दहाएक हंगाम नदीकाठच्या वीटभट्टीवर विटा पाडत होती. तिच्याजवळ हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही. एवढे आठवत होते, की एकदा एक सायेब वही घेऊन आला होता.

तो कागद मी तिला देऊ शकलो नाही. का, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपल्या देशातले उद्योग मोजण्याचे मुख्य रस्ते तीन. पहिला कारखान्यांचा. खोपोलीला टाटांचे वीजघर 1915 साली सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे खालापूर तालुक्यात पोलादाचे, कागदाचे, रसायनांचे कारखाने आले. असा कारखाना मोजणे सोपे असते. त्याला फाटक आहे, परवाना आहे, ताळेबंद आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाखाली त्याची नोंद होत असे : वीज वापरत असेल तर 10 कामगार, नसेल तर 20. (महाराष्ट्राने पुढे ही मर्यादा दुप्पट केली.) या नोंदींच्या यादीवरून 1960 पासून 'वार्षिक उद्योग पाहणी' होते. देशभरातले अडीच लाखांच्या आसपास कारखाने तिच्या कक्षेत येतात. मोठ्या कारखान्यांची दरवर्षी माहिती घेतात, लहानांतून नमुना निवडतात, आणि आकडे कोलकात्याला जाऊन तपासून निघतात. त्यातही प्रश्न आहेतच. कारखाना खोपोलीत आणि नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, तर कंपनीच्या हिशेबातली भर कोणत्या जिल्ह्याची मानायची? पण तो भांडणाचा विषय आहे, अंधाराचा नाही.

दुसरा रस्ता आर्थिक गणनेचा. जनगणनेसारखे घरोघर जायचे आणि शेतीपीक, सरकारी प्रशासन, संरक्षण अशा गोष्टी वगळून जिथे कुठे धंदा चालतो तिथे तो लिहायचा. पानटपरी, भाताची गिरणी, घरातले शिवणयंत्र, सगळे. पहिली गणना 1977 मध्ये झाली. सहावी 2013 मध्ये सुरू झाली आणि तिच्यात देशभरात 5 कोटी 85 लाख आस्थापना व 13 कोटी 13 लाख काम करणारी माणसे सापडली. दर 100 आस्थापनांपैकी 70 हून अधिक अशा, की जिथे एकही पगारी माणूस नाही. घरधनी आणि घरचे लोकच काम करतात. सातवी गणना 2019 मध्ये सुरू झाली, मोबाइलवर माहिती भरून घेतली गेली, मध्ये कोरोना आला, आणि तिचे निष्कर्ष आजवर प्रसिद्ध झालेले नाहीत. याचा अर्थ वाचकांनी नीट समजून घ्यावा. कर्जत तालुक्यात आज आस्थापना किती, असे मला कोणी विचारले तर मी जास्तीत जास्त सहाव्या गणनेचा आकडा सांगू शकतो. त्यानंतर नेरळ, कर्जत, चौक या बाजूला शेतघरांची रांग लागली, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर चालणारी खानावळ प्रत्येक वळणावर उभी राहिली, पनवेल-कर्जत नव्या लोहमार्गाचे काम निघाले. यातले काहीही त्या आकड्यात नाही. नमुना पाहणीने ते भरून निघत नाही, कारण नमुना राज्याचे, फार तर जिल्ह्याचे चित्र देतो. तालुक्याचे देण्याइतका तो दाट नसतो.

तिसरा रस्ता नमुना पाहणीचा, आणि माझे आयुष्य त्यावर गेले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी उभी केली. त्याच सुमारास, 1949 मध्ये, राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली होती. महालनोबिस अध्यक्ष, पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. जो माणूस हिशेबाची वही ठेवत नाही त्याचे उत्पन्न कसे मोजायचे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. पाहणीत काही गावे शास्त्रशुद्ध चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतात, तिथले धंदे लिहून काढतात, त्यांतून पुन्हा थोडे निवडून त्यांची सविस्तर माहिती घेतात. केंद्राची गावे केंद्राचे लोक करतात, तेवढ्याच जोडीच्या गावांचा नमुना राज्य करते.

अशा नमुन्यातले एक गाव 2015-16 च्या 73 व्या फेरीत माझ्याकडे आले. गावाचे नाव मी आजही सांगणार नाही. पोशीर नदीच्या काठावरचे एक गाव समजा. मला ते ऑगस्टमध्ये मिळाले. वर्षाचे भाग पाडून गावे वाटलेली असतात आणि आपल्या भागातच काम उरकायचे असते. नदीकाठी गेलो तर चिखल, टाकळा, आणि एका उंचवट्यावर अर्धवट भाजलेल्या विटांचे तुकडे. दिवाळीनंतर लागणारी आणि पावसाआधी विझणारी भट्टी ऑगस्टमध्ये दिसणार कुठून? नियम मात्र चांगला आहे : हंगामी धंदा मागच्या 365 दिवसांत 15 दिवस जरी चालला असेल तरी तो लिहायचा. पण लिहायला कोणीतरी हवे. मालक राहायला शहरात. पुष्कळशा गावांत अशी भट्टी यादीतून सुटते, कोणाच्याही खोटेपणाशिवाय. मी कळंबच्या बाजारात चौकशी करून मालकाला गाठले, एवढेच.

मालक भला माणूस होता. माती कुठून, तूस कोणत्या गिरणीतून, कोळशाची भुकटी किती, सगळे तोंडपाठ. मग मी विचारले, कामाला माणसे किती? तो म्हणाला, "दहा जोड्या."

या दोन शब्दांवर मी अजून अडलेलो आहे. भट्टीवर माणूस मोजत नाहीत, जोडी मोजतात. नवरा-बायको मिळून एक. गणपतीच्या सुमाराला उचल जोडीला मिळते, आठवड्याची खर्ची जोडीला मिळते, हजार विटांचा दर जोडीला लागतो, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो तोही जोडीचा. तो पुरुषाच्या नावावर लिहिला जातो. चिखल तुडवणारा पुरुष, साच्यात भरून विटा पाडणारी बाई, त्या उलटून वाळवणारी पोरे. माझ्या तक्त्यात रकाने होते : पगारी कामगार, पुरुष किती, स्त्रिया किती. मी 10 आणि 10 लिहिले. त्यासाठी मला वरून विचारणा झाली, कारण मालकाच्या वहीत नावे दहाच होती आणि पैसे दहा जणांनाच दिलेले. मी भट्टी चालू असताना, जानेवारीत, सुट्टी टाकून तिथे गेलो आणि माणसे डोळ्यांनी मोजून आलो. वही घेऊन आलेला सायेब तो हाच. माझे 10 आणि 10 कायम राहिले. पण शेजारच्या तालुक्यात, दुसऱ्या कोणाच्या तक्त्यात, दहा जोड्यांचे दहा पुरुष झाले असतील, हे मी नाकारू शकत नाही. एका भट्टीवर दहा बाया गळाल्या तर राज्याच्या अंदाजात किती गळतात ते नमुन्याचे गणित जाणणाऱ्याला सांगायला नको : नमुन्यातली एक भट्टी न निवडलेल्या शेकडो भट्ट्यांच्या वतीने बोलत असते.

यात कायद्याचाही एक धागा आहे. विजेविना चालणाऱ्या जागी 20 माणसे झाली की मूळ कायद्याने तो कारखाना. दहा जोड्या म्हणजे 20. 'दहा' म्हटले की ती भट्टी कारखान्यांच्या यादीत कधीच येत नाही.

आता मी ज्यावर बोलू लागलो की घरातले उठून जातात त्या वादाकडे येतो. वाचकांनी थोडे थांबावे. 73 वी फेरी जून 2016 मध्ये संपली. तिच्यात देशभर 6 कोटी 34 लाख असंघटित उद्योग आणि त्यांत 11 कोटी 13 लाख माणसे आढळली. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटाबंदी झाली. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरअखेर होती. भट्ट्या नुकत्याच उभ्या राहत होत्या आणि पाचशेच्या नोटेवर चालणारी आठवड्याची खर्ची थांबली. 2017 च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, ऐन हंगामात. या सगळ्या काळात या क्षेत्राची एकही पूर्ण पाहणी झाली नाही. पुढची झाली ती 2021-22 मध्ये, आणि तिच्यात उद्योग सापडले 5 कोटी 97 लाख, माणसे 9 कोटी 79 लाख.

मग मधल्या वर्षांचे राष्ट्रीय उत्पन्न कसे काढले? 2015 मध्ये आलेल्या, 2011-12 हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या मालिकेत असंघटित क्षेत्राचा जुना मोजलेला पाया घेत आणि तो दरवर्षी पुढे सरकवत. सरकवण्याचे माप बहुतांशी संघटित क्षेत्राकडून येई. साध्या भाषेत : खोपोलीचा कारखाना वाढला, तर पोशीरकाठची भट्टीही तितकी वाढली असे धरायचे. बऱ्या दिवसांत हे चालून जाते. पण ज्या धक्क्यात मोठा तगतो आणि लहान मोडतो, किंवा लहान मोडला म्हणूनच त्याचे गिऱ्हाईक मोठ्याकडे जाते, तिथे हे माप नेमके उलटे दाखवते. सिमेंटच्या ठोकळ्यांचा कारखाना भट्टीचे काम खाऊन वाढला, की कागदावर भट्टीही वाढते. माझे काही सन्मान्य सहकारी म्हणतात, की दुसरा उपाय नव्हता, माहितीच नव्हती. मान्य. पण माहिती नव्हती, हे त्या आकड्याच्या शेजारी तितक्याच ठळक अक्षरांत छापायला हवे होते.

यात सुधारणा झाली आहे आणि ती सांगितली पाहिजे. 2021-22 पासून असंघटित उद्योगांची पाहणी वार्षिक झाली. 2023-24 च्या पाहणीत 7 कोटी 34 लाख आस्थापना आणि 12 कोटी 6 लाख माणसे आहेत. 2025 पासून नमुना जिल्हानिहाय आखला जातो. मी नोकरीत असताना यासाठी तरसलो होतो.

लोकांचा गैरसमज मात्र तसाच आहे. पाहणीला गेलेला माणूस आयकराचा, वीज मंडळाचा नाहीतर रेशनचा वाटतो. आता धरणाचा वाटेल. दुकानदार गल्ला निम्मा सांगतो, कारखानदार चार महिने टोलवतो, आणि हीच मंडळी संध्याकाळी दूरदर्शनवर विकासदर ऐकून सरकारी आकडे खोटे असतात म्हणतात. आकडा तुमच्या उत्तराचाच बनलेला असतो. 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याने तुमची वैयक्तिक माहिती उघड करता येत नाही आणि सांख्यिकीखेरीज कशासाठी वापरता येत नाही. हे वचन मी हजारो उंबऱ्यांवर दिले. त्याच्या जोरावर दारे उघडली गेली.

आणि त्याच वचनामुळे त्या बाईला कागद देता आला नाही. मी तिला सांगितले, ती माहिती बंद असते, तिच्यातून कोणाचे नाव निघत नाही. ती ऐकत होती. मग तिने विचारले, "पन माजा नाव लिवलाव ना?" नाव लिहिलेच नव्हते. तक्त्यात नावाला जागा नसते. स्त्रिया 10, एवढेच. मुलाने तिला ते दोनदा समजावले. ती पावसातच परत गेली. नंतर मी त्या मुलाला ग्रामपंचायतीचा दाखला, मुकादमाचे लेखी निवेदन, शेजाऱ्यांचे जबाब असे काय काय जमवता येईल ते लिहून दिले. वचन मोडायला हवे होते असे मला वाटत नाही. पण जिला मोजण्यासाठी मी सुट्टी टाकून गेलो तिच्या हाती माझ्या मोजणीतून काहीच पडले नाही, हेही मला पटत नाही. या दोन्हींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

जनगणनेनंतर, 2027 मध्ये, आठवी आर्थिक गणना होईल असे सांगितले जाते. ती आखणाऱ्यांना माझी विनंती आहे : रायगड-ठाण्याच्या भट्ट्यांचे गट डिसेंबर ते एप्रिलमध्येच मोजा, आणि प्रगणकाच्या सूचनापुस्तिकेत एक ओळ घाला, की उत्तर जोडीत आले तर बाई आणि पुरुष वेगळे विचारून लिहावे. आणि वाचकहो, तुमच्या दुकानावर, गिरणीवर, शेतघरावर तो माणूस आला, तर त्याला बसायला द्या, पाणी द्या, आणि कामाला माणसे किती म्हणून विचारले की घरातल्या बाईला धरून सांगा.