पहिला घोट करणाऱ्याचा

अर्जेंटिनातलं रोसारिओ हे शहर आपल्याला नावानं माहीत नसेल, पण आपल्या कढईशी त्याचं नातं आहे. आपल्याकडे येणारं परदेशी सोयाबीन तेल बऱ्याच प्रमाणात त्या भागातल्या पाराना नदीकाठच्या बंदरांतून निघतं. ह्यांची नोकरी त्याच व्यवसायातली, म्हणून दोन वर्षं आमचा संसार तिथे होता. नदी पावसाळ्यातल्या गोदावरीसारखी गढूळ आणि भली रुंद. संध्याकाळी तिच्या काठी बसलेल्या प्रत्येक घोळक्यात एक थर्मास असायचाच. त्यात चहा नसतो बरं का, नुसतं गरम पाणी. ते 'माते'साठी.

माते म्हणजे येर्बाच्या पाल्याचं पेय. रोसारिओत मात्र 'शेर्बा' म्हणायचं! हे सदाहरित झाड अर्जेंटिनाच्या ईशान्येकडचे मिसिओनेस आणि कोरिएन्तेस प्रांत, पाराग्वे आणि दक्षिण ब्राझील इथे होतं. तिथले ग्वारानी लोक पूर्वापार हा पाला पीत आले. पाला वाळवतात, काही महिने मुरवतात आणि भरड कुटतात. २०१३ साली अर्जेंटिनानं कायदा करून माते हे राष्ट्रीय पेय ठरवलं. चव विचाराल तर पहिल्या दिवशी कडू काढा, पंधरा दिवसांनी सवय आणि महिन्यानं तल्लफ.

ज्यात पितात त्या भांड्यालाही मातेच म्हणतात. तो असतो वाळवून कोरलेला लहानसा भोपळा. नवा भोपळा लगेच वापरायचा नाही. त्यात वापरलेला ओला पाला भरून दिवसभर ठेवायचा आणि मग आतला मऊ गर चमच्यानं खरवडून काढायचा. प्यायला धातूची नळी, तिच्या खालच्या टोकाला बारीक भोकांची गाळणी. ही 'बोम्बिशा'.

आता कृती. भोपळा पाऊण भरेल इतका पाला घ्यायचा. तोंडावर तळवा ठेवून भोपळा उलटा करून हलवायचा, म्हणजे भुकटी वर येते आणि नळीत अडकत नाही. मग तिरका धरून पाला एका बाजूला उतरता ठेवायचा. खोलगट बाजूला थोडं कोमट पाणी घालून ते जिरू द्यायचं, तिथेच नळी रोवायची आणि पुन्हा हलवायची नाही. त्यानंतर गरम पाणी नळीच्या बुडाशी, अगदी थोडं थोडं. दुसऱ्या बाजूची टेकडी कोरडीच राहिली पाहिजे, कारण पुढच्या फेऱ्यांची चव तिच्यात असते. पाणी सत्तर-ऐंशी अंशांचं, उकळी मुळीच नको. उकळत्या पाण्यानं पाला करपट कडू होतो. तिथल्या विजेच्या किटल्यांवर मातेसाठी वेगळी खूण असते. उकळून उकळून चहा करणाऱ्या माझ्या हाताला हे वळण लागायला वेळ लागला.

पण कृतीपेक्षा अवघड होती ती नळी. भांडं एक, नळी एक आणि पिणारे सहा! मी वरून पाणी पिणाऱ्या घरात वाढलेली. उष्टं-खरकटं हाडीमाशी मुरलेलं. शेजारच्या आजीबाईंनी भोपळा पुढे केला, तेव्हा पोटात गोळाच आला. 'नको' म्हटलं असतं तर त्यांनी राग धरला नसता. पण त्या गावात मला नावानं हाक मारणारं तोवर दुसरं कुणीच नव्हतं. मी प्यायले. नळी पुसायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पुरे झालं की 'ग्रासियास', म्हणजे आभारी आहे, म्हणायचं. तोवर तुमची पाळी फिरून येतच राहते.

२०२० च्या साथीत मात्र सरकारनंच एकमेकांचा माते पिऊ नका असं बजावलं होतं. त्या दिवसांत आजीबाई खिडकीत एकट्याच बसून पीत. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

मला खरं नवल वाटलं ते वेगळंच. माते करणारी व्यक्ती पहिला घोट स्वतः घेते. त्यात मान नाही, उलट पहिला माते सर्वांत कडू आणि भुकटीचा, म्हणून तो करणाऱ्याच्या वाट्याला. पण ती व्यक्ती सगळ्यांच्या मधोमध बसलेली असते, गप्पांत असते. आपल्याकडे चहा करणारी आत आणि हसणं बाहेर. चौथा कप नेऊन द्यावा, तोवर गोष्ट संपलेली!

प्रकार पुष्कळ. कुणी साखर घालतात, कुणाला त्याची शिसारी. कुणी संत्र्याची साल किंवा पुदिना टाकतात. ब्राझीलमधला 'शिमाहाँव' बारीक, हिरव्यागार भुकटीचा. पाराग्वेत उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्यातला 'तेरेरे', खलबत्त्यात ठेचलेल्या औषधी वनस्पतींसह. २०२० मध्ये युनेस्कोनं ही परंपरा आपल्या वारशाच्या यादीत घेतली. आपल्याला सर्वांत सोपा 'माते कोसीदो': गरम पाण्यात चमचाभर पाला, झाकण, पाच मिनिटांनी गाळणं, हवं तर दूध-साखर. त्यात कॅफीन असतं, तेव्हा रात्री नको. आणि कुठलंही पेय पासष्ट अंशांहून गरम पिण्याची सवय अन्ननलिकेला धोक्याची, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं आहे. चटके देणारा चहाही त्यात आलाच.

इथे परतताना मी दोन पुडे आणले. सासूबाई नळीला तोंड लावत नाहीत. त्यांना कपात, दूध घालून. रविवारी संध्याकाळी मी किटली आणि भोपळा घेऊन बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसते आणि पहिला कडू घोट घेते. चहा मात्र अजून आतच होतो.