पेस्टचा दिवस

नाशिकची द्राक्षं आवडीनं खाणाऱ्या कितीजणांना ऑक्टोबरातली गोडी छाटणी माहीत असेल? छाटणी झाली की एक-दोन दिवसांत काड्यांवरच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्यानं डोळे एकसारखे फुटतात. आमच्या निफाडकडे या कामाला नुसतं ‘पेस्ट’ म्हणतात. नाव इतकं साधं की टूथपेस्टच वाटावी.

पण ही पेस्ट कातडी भाजते, डोळ्यांना इजा करते. शिवाय शरीरात दारू पचवणारं एन्झाइम अडवते. हे काम करून कुणी संध्याकाळी घोटभर घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. याच गुणामुळे जपानात सायनामाइड दारू सोडवायचं औषध म्हणून वापरलं गेलं.

म्हणून नायट्राइलचे लांब हातमोजे, बंद गॉगल, पूर्ण बाह्या आणि गमबूट हवेतच. मांडवाखाली हात सतत वर असतात, ओघळ कोपराकडे येतो. त्यामुळे बाही मोज्याच्या आत घ्यायची आणि मोज्याची कड बाहेरून दुमडायची. कापडी मोजा नकोच. तो भिजला की रसायन दिवसभर कातडीला धरून ठेवतो.

हे बागेत बहुतेकांना ठाऊक असतं. तरी दुपारपर्यंत मोजे बांधावर पडलेले दिसतात. ‘दिले होते, त्यांनीच काढले,’ असं बागायतदार म्हणतात आणि ते खोटं नसतं. पण पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्या हे काम उक्तं घेतात, एकराच्या हिशेबानं. जाड मोज्यात काडी पटकन धरता येत नाही, हात मंदावतो. मोजा घालायचा म्हणजे स्वतःच्या मजुरीतून पैसे कापून घ्यायचे. याला निष्काळजीपणा कसं म्हणायचं?

युरोपीय संघानं 2008 साली सायनामाइडला मान्यता नाकारली. त्यामागे ते हाताळणाऱ्या माणसाच्या आरोग्याची काळजीही होती. आपल्याकडे युरोपात जाणारी द्राक्षं प्रयोगशाळेत तपासली जातात, मण्यात कशाचा किती अंश आहे ते पाहिलं जातं. मणी ज्या हातांनी पिकवले ते हात मात्र कुणी तपासत नाही.

आमच्या बागेत दोन वर्षांपासून पेस्टचं काम उक्तं देत नाही, रोजानं घेतो. काम एक दिवस लांबतं, तेवढी मजुरी जास्त जाते. बांधावर पाण्याचा ड्रम आणि साबण असतो. मोजे संध्याकाळपर्यंत हातातच राहतात. ‘घाला गं’ म्हणून कुणाच्या मागे लागावं लागत नाही.