आंबलेली बिअर

दूध नासतं, पीठ आंबतं. एक फेकून द्यायचं, दुसऱ्याच्या आंबोळ्या करायच्या. हा फरक मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. पण ‘आंबट बिअर’ म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे खराब झालेली?" म्हणून हा लेख. (हो, बिअरवर! नातेवाईक मंडळींनी भुवया खाली घ्याव्यात. डॉक्टरांना विचारून, अर्धा ग्लास.)

लेक ब्रुसेल्सला असते. २०१९ मध्ये तिच्या बाळंतपणाला गेले होते, तेव्हा जावई मला कांतियों नावाच्या ब्रुअरीत घेऊन गेला. १९०० सालची, एका घराण्याने चालवलेली. १९७८ पासून तिथे संग्रहालयही आहे.

एरवी बिअरला यीस्ट घालतात, आपण विरजण लावतो तसं. इथे काहीच घालत नाहीत. गहू आणि जवाचा उकळलेला अर्क माळ्यावरच्या पसरट, उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले, त्या जुन्या वास्तूतले यीस्ट आणि जिवाणू त्यात येऊन पडतात. झालं विरजण! हे थंडीतच जमतं. उन्हाळ्यात नको ते पाहुणे फार. मग लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं मुक्काम. तिथली कोळिष्टकं काढत नाहीत, कारण कोळी चिलटं खातात. (हे कारण आता मीही घरी सांगते. :))

पिंपातली ती लाम्बिक. तिला फेस जवळजवळ नसतोच. एक, दोन आणि तीन वर्षांची लाम्बिक मिसळून बाटलीत भरली, की कोवळ्या लाम्बिकमध्ये उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि बुडबुडे येतात. ही ग्योझ.

ग्योझ फार गार पिऊ नये, नुसता आंबटपणाच लागतो. आधी वास घ्यावा. ओलं गवत, लिंबाची साल आणि चक्क गोठा! गोठा येतो ब्रेटॅनोमायसिस नावाच्या यीस्टमुळे. माझं बालपण आजोळच्या गोठ्याशेजारी गेलं, मला तो वास परका वाटला नाही. पहिला घोट गालफडं आवळतो. त्यावर मत बनवू नका. दुसऱ्या घोटाला जीभ सावरते, आणि तिसऱ्याला आंबटामागून लाकडाचा तुरटपणा हळूच येतो, आवळा खाल्ल्यावर येतो तसा. सोबत पाव, मऊ पांढरं चीज आणि मुळा. मला तर मुळ्याची दह्यातली कोशिंबीरच आठवली.

आंबट चेरी घालून मुरवलेली क्रीकही चाखली. छानच. बाजारात गोड केलेल्या स्वस्त क्रीक मिळतात, त्या मात्र खोकल्याच्या औषधाच्या जातीच्या. असो.

निघताना जावयाने ग्योझची एक बाटली घेतली. नीट ठेवली तर वीस वर्षंही टिकते म्हणे. नात अठरा वर्षांची होईल तेव्हा, म्हणजे २०३७ मध्ये, सगळ्यांनी मिळून उघडायची. मी मनात बेरीज केली. अठ्ठ्याऐंशी. तो काउंटरवर पैसे देत होता, त्याला म्हटलं, "आणखी एक घे."

ही दुसरी २०२९ मध्ये उघडायची, माझ्या ऐंशीला. दोन्ही त्यांच्या तळघरात आहेत. लेकीचा फोन आला की मी आधी नातीची चौकशी करते, मग बाटल्यांची.