सुपारी : देव्हाऱ्यातली आणि पडद्यावरची

मुंबईतल्या मशीद बंदर भागात पाऊल टाकले, की मसाल्यांचा आणि सुकामेव्याचा वास येऊ लागतो. इथल्या दुकानांत पूजेची सुपारीही मिळते. घरोघरी तिलाच गणपती मानून पहिला मान देतात. पण याच शहराच्या हिंदी सिनेमात कुणी 'सुपारी दिली' म्हटले, की प्रेक्षक ओळखतात : पैसे देऊन कुणाचा तरी खून ठरला आहे!

पूजेच्या तबकातली ही वस्तू तिथे कशी पोहोचली? उत्तर आपल्याच रीतीभातींत आहे. लग्न ठरले की सुपारी फुटते. वाजंत्री किंवा तमाशाचा फड ठरवायचा, तरी सुपारी द्यायची. ती घेतली, की शब्द दिला; ठरल्या दिवशी हजर व्हायचे. टोळ्यांनी रीत तीच ठेवली, काम तेवढे बदलले.

जवळच डोंगरी, थोडे पुढे नागपाडा, भायखळा आणि मग लालबाग-परळचे गिरणगाव. सिनेमातली 'भाईं'ची भाषा याच वस्त्यांची. कोकणातला, घाटावरचा गिरणी कामगार, गुजराती व्यापारी आणि उत्तरेकडचा कारागीर इथे शेजारी राहिले. त्यातून जी हिंदी तयार झाली, तिच्यात मराठी पुरेपूर भिनली. 'आपुन' म्हणजे आपले आपण, 'शाणा' म्हणजे शहाणा, तर 'वाट लगा दी' हे सरळसरळ 'वाट लावली'. 'खल्लास' मुळात अरबी. 'हफ्ता' फारसीतल्या सात या आकड्यावरून आला. तोच हप्ता घरकर्ज फेडणारा गृहस्थही भरतो. खंडणीच्या हिशेबात 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी. बंदुकीच्या खटक्याला घोडा म्हणतात. टोळीवाल्यांनी अख्ख्या पिस्तुलालाच 'घोडा' केले.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि अनेकांना पुन्हा काम मिळालेच नाही. चाळींतल्या चुली थंडावल्या आणि काही तरुण पोरे टोळ्यांच्या वाटेला लागली. महेश मांजरेकरांच्या 'वास्तव'मधला (१९९९) रघू असाच चाळीतला बेकार मुलगा. आधी तो पावभाजीची गाडी लावतो, मग त्याच्या हातून खून होतो. त्याच्या एक वर्ष आधी राम गोपाल वर्मांच्या 'सत्या'तला भिकू म्हात्रे हीच बोली बोलला आणि ती देशभर पोहोचली.

पण सिनेमावाल्यांना हे शब्द केवळ संवादांपुरते राहिले नव्हते. त्या काळात खंडणीचे फोन त्यांनाही येत होते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत देवदर्शन करून बाहेर पडलेल्या गुलशन कुमार यांना गोळ्या घातल्या गेल्या. जानेवारी २००० मध्ये दिग्दर्शक राकेश रोशन गोळीबारात जखमी झाले. पडद्यावर टाळ्या घेणाऱ्या शब्दांनी बाहेर घरे उजाड होत होती.

२००३ च्या 'मुन्नाभाई एमबीबीएस'ने या बोलीला हसरा चेहरा दिला. आज ती शाळकरी मुलांच्याही तोंडी असते. गिरण्यांच्या बऱ्याच जागांवर आता मॉल आणि टॉवर उभे आहेत. चाळीही एकेक करून पाडल्या जात आहेत. 'वाट लावली' किंवा 'शाणा' या शब्दांत वाईट काहीच नाही. ते कष्टकऱ्यांच्या घरातले शब्द. मुलांना रागावण्यापेक्षा हे शब्द कुठून आले आणि कोणत्या दिवसांतून गेले, ते सांगितलेले बरे. म्हणजे सुपारी म्हटल्यावर त्यांना पिस्तुलाआधी पूजेचे तबक आठवेल.