बाण कुठून निघतो?

माझ्या रसायनशास्त्रावर दोघांचं देणं आहे. एक महाडच्या कॉलेजातले सर. दुसरे पोलादपूरला आमच्या आळीत राहणारे, महाड एमआयडीसीत पाळीला जाणारे काका. दोघं कधी एकमेकांना भेटले नाहीत.

बी.एस्सी.ला ऑरगॅनिकची मेकॅनिझम आम्ही सरळ पाठ करायचो. सरांना त्याची भयंकर चीड. त्यांनी फळ्यावर डावीकडे पिनॅकॉल मांडलं, उजवीकडे पिनॅकोलोन, आणि मधली जागा मोकळी सोडली. ‘‘आधी कार्बन मोजा.’’ डावीकडे सहा, उजवीकडेही सहा. ‘‘म्हणजे बाहेरून कोणी आलेलं नाही. घरातल्याच कुणीतरी जागा बदलली. कोणी?’’ मग कुठला बंध तुटला, कुठला नवा झाला, तिथे खूण करायची. बाण त्यानंतर. तोही इलेक्ट्रॉनांच्या जोडीपासूनच निघाला पाहिजे. धनभारापासून काढला, तर वही मिटून परत. आम्लामुळे हायड्रॉक्सिल गट पाणी होऊन सुटतो, कार्बनवर धनभार येतो, शेजारचा मिथिल आपली जोडी घेऊन तिकडे सरकतो. पण त्याने सरकावंच का? तृतीयक कार्बोकॅटायन तसा बरा टिकाऊ. इथे सर खडू ठेवून आमच्याकडे बघत बसायचे, तास संपला तरी. उत्तर ऑक्सिजनपाशी होतं: मिथिल सरकला की धनभार ऑक्सिजनच्या शेजारी येतो, आणि ऑक्सिजन स्वतःची जोडी देऊन तो सावरतो.

असे वाकडे बाण रॉबर्ट रॉबिन्सन यांनी केरमॅक यांच्यासोबत १९२२ साली वापरले. त्याच रॉबिन्सन यांच्याकडे ऑक्सफर्डला काम केलेले बी. डी. टिळक पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. हे सांगताना सरांचा आवाज जरा चढायचा.

काकांचं शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबलेलं. एसटीत त्यांनी माझी वही मागून घेतली. नायट्रेशनचं पान होतं. सल्फ्युरिक नायट्रिकला प्रोटॉन देतं, पाणी सुटतं, नायट्रोनियम उरतो आणि बेंझीनचं कडं त्याला आपले इलेक्ट्रॉन देतं, हे मी ऐटीत समजावलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

‘‘सगळं लिवलंस. गरमी कुठं लिवलीस?’’

ॲसिड बारीक धारेनं सोडायचं, जॅकेटमध्ये थंड पाणी चालू ठेवायचं, नजर तापमानावर. स्टरर बंद पडला तर ॲसिड आधी बंद. आणि घाईघाईत स्टरर परत चालू करायचा नाही. ॲसिड आणि बेंझीन नीट मिसळत नाहीत, त्यांचे थर साचतात. मग एका फटक्यात ढवळले गेले की इतका वेळ तुंबलेली सगळी उष्णता एकदम बाहेर येते. पुस्तकातल्या बाणांना वेळ नव्हता आणि तापमानही नव्हतं. ते काकांनी घातलं.

मी हे सरांना सांगितलं. तेव्हापासून नायट्रेशन शिकवताना ते समीकरणाखाली स्टररबद्दल एक ओळ लिहू लागले.

काकांना ते कळवलं, तर म्हणाले, ‘‘मग मास्तरांना एकदा रात्रपाळीला पाठव की.’’