मोझेलकांठचें द्राक्षनगर

जर्मनींत मोझेल नदीच्या कांठीं बेर्नकास्टेल-कूस नांवाचें एक जुनें नगर आहे. तें मद्यासाठीं प्रसिद्ध असल्यामुळें तेथें जावें कीं न जावें, याविषयीं आमचें मन प्रथम साशंकच होतें. दारूपायीं धुळीस मिळालेलीं घरें ज्यानें आपल्याच आळींत पाहिलीं आहेत, त्यास द्राक्षासवाच्या कीर्तीचें कौतुक कसें वाटावें? तथापि प्रवासाच्या ओघांत आम्ही तेथें गेलों, आणि तें वृत्त विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें ठेवण्यास आज आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

नदीच्या मोठ्या वळणावर कड्यासारख्या उभ्या चढणी असून त्यांवर द्राक्षवेलींच्या रांगा आहेत. ज्या दगडाच्या पाटीवर आपल्या वडिलांनीं मुळाक्षरें गिरविलीं, त्याच जातीचा दगड तेथें जमिनींत विखुरलेला आहे. तो दिवसा ऊन शोषून घेतो व रात्रीं ऊब परत देतो. म्हणूनच त्या थंड मुलखांत रीसलिंग जातीचें द्राक्ष पिकतें. चढण इतकी उभी कीं पुष्कळसें काम हातांनींच करावें लागतें.

उजव्या तीरावरील बेर्नकास्टेलास १२९१ सालीं नगराचे हक्क मिळाले. डाव्या तीरावरील कूस त्यास १९०५ सालीं जोडलें गेलें. बेर्नकास्टेलच्या चौकांत लांकडी चौकटींचीं घरें, १६०६ सालचें संत मायकेलचें कारंजें व १६०८ सालची नगरकचेरी आहे. जवळच १४१६ सालचें एक चिमुकलें घर पायाशीं अरुंद व वर रुंद असें उभें आहे. तें अद्याप पडलें कसें नाहीं, याचें नवल वाटतें. डोंगरावरील लांड्सहुट किल्ला १६९२ सालीं जळाला. त्याचे भग्न तट मात्र दिसतात. चौदाव्या शतकांत तेथें आजारी पडलेला एक आर्चबिशप वैद्यांनीं हात टेकल्यावर स्थानिक मद्यानें बरा झाला, आणि त्या मळ्यास ‘डॉक्टर’ हें नांव पडलें, अशी दंतकथा आहे. आमच्या वाचकांनीं तिचा प्रयोग करून पाहूं नये!

पूल ओलांडून आम्ही कूस येथें गेलों. येथेंच १४०१ सालीं एका नौकामालक व्यापाऱ्याच्या घरीं निकोलस जन्मला. पुढें तो कार्डिनल झाला. आपणांस किती थोडें कळतें हें ओळखणें हेंच खरें ज्ञान, असें त्यानें १४४० सालच्या ग्रंथांत प्रतिपादिलें. १४५३ सालीं कॉन्स्टँटिनोपल पडलें, तेव्हां सूडाची भाषा न बोलतां त्यानें धर्माधर्मांतील शांतीवर एक संवाद लिहिला. त्यांत निरनिराळ्या राष्ट्रांचे पुरुष बोलतात, व त्यांत एक हिंदी पुरुषही आहे!

१४५८ सालीं त्यानें जन्मगांवीं वृद्धांसाठीं आश्रम स्थापिला. प्रभूच्या आयुष्याच्या वर्षांइतके, म्हणजे तेहतीस पुरुष त्यांत राहावे, असा नियम केला : सहा धर्मगुरु, सहा सरदार व एकवीस सामान्य जन. १४६४ सालीं इटलींत तो वारला. देह रोमला राहिला. हृदय मात्र आश्रमाच्या प्रार्थनामंदिरांत पुरलें आहे. त्याच्या ग्रंथालयांत तीनशेंहून अधिक हस्तलिखितें आहेत. आश्रमास द्राक्षमळ्यांचें उत्पन्न मिळत आलें, आणि आजही तेथें वृद्ध मंडळी राहतात.

तेथील ओवरींत एक आजोबा बसले होते. आम्हांस त्यांची भाषा येईना, त्यांस आमची कळेना. त्यांनीं बाकावर सरकून आम्हांस जागा करून दिली. आम्ही बसलों, आणि एकाएकीं गांवीं एकटे असलेले आमचे तीर्थरूप डोळ्यांपुढें उभे राहिले. त्यांस आम्ही दरमहा पैसे नियमानें पाठवीत होतों. बोलणें मात्र सणावारींच होई. त्याच सायंकाळीं आम्ही त्यांस फोन केला. त्यांनीं पैशांविषयीं एक शब्द काढला नाहीं. “जेवलास का?” एवढेंच विचारलें.

मद्याविषयींचें आमचें मत आजही पूर्वींचेंच आहे. परंतु मोठ्या पदास चढल्यावरही ज्यानें आपल्या गांवच्या म्हाताऱ्यांची आठवण ठेविली, त्याच्या दारीं आम्ही जें शिकलों, तें कोणत्याही वर्गांत शिकलों नव्हतों. मित्रहो, तुम्हीही उद्यां दूर जाल. घरीं आपली वाट पाहणारें कोणी आहे, हें विसरूं नका.