आतला गाळ

माझ्या पत्नीच्या डाव्या पायात लहानपणच्या पोलिओमुळे बळ कमी आहे. क्लच दाबणं तिला जमत नाही. म्हणून आम्ही एक जुनी डिझेल ऑटोमॅटिक गाडी घेतली. वारज्याहून हिंजवडीला ती स्वतः गाडी चालवत जाऊ लागली आणि "मला सोडतोस का?" हे विचारणं घरातून बंद झालं.

गेल्या वर्षी गाडी घसरायला लागली. इंजिन ओरडायचं, पण गाडी ओढायची नाही. गिअरबॉक्स उघडला तर आतल्या क्लचप्लेटा जळून काळ्या झालेल्या. मेस्त्री म्हणाले, "सर, टॉर्क कन्व्हर्टरही बदलू." किंमत ऐकून मी म्हणालो, "तो चालतोय ना? मग राहू द्या जुनाच."

चार महिन्यांनी, एका सकाळी, चांदणी चौकाच्या चढावर गाडीने पुन्हा दम सोडला. मागे ट्रकांची रांग, हॉर्न, आणि गाडीत ती एकटी. फोनवर ती फक्त "ये" एवढंच म्हणाली.

मी नववीला विज्ञान शिकवतो, 'कार्य आणि ऊर्जा' समजावतो; पण पैसे वाचवण्याआधी हा भाग काय काम करतो, हे मी विचारलंच नव्हतं. आता विचारलं.

वर्गात करून बघा. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने बंद पंख्याची पातीही फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हवेऐवजी तेल असतं. इंजिनला जोडलेलं चाक, म्हणजे इंपेलर, तेल भिरकावतं. ते तेल गिअरबॉक्सला जोडलेल्या टर्बाईनला फिरवतं. सिग्नलला टर्बाईन थांबला तरी इंजिन चालू राहतं, म्हणून क्लचचं पेडल लागत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने लगेच विचारलं, "पण सर, यात जोर कुठे वाढला?" बरोबर होतं तिचं. जोर वाढवतो तो मधला तिसरा भाग, स्टेटर. टर्बाईनमधून परतणाऱ्या तेलाची दिशा तो वळवतो आणि गाडी सुटताना टॉर्क साधारण दुप्पट होतो. वेग कमी, जोर जास्त, तरफेसारखंच. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने 1905 मध्ये ही कल्पना जहाजांसाठी मांडली होती.

आता माझी चूक. हा डबा वेल्डिंगने बंद केलेला असतो. प्लेटा जळल्या की त्यांचा भुगा आणि धातूचा चुरा तेलाबरोबर त्यात जाऊन बसतो. तेल काढलं तरी सगळं निघत नाही. मी नव्या प्लेटांच्या शेजारी जुना गाळ ठेवला होता, आणि नवं तेल तोच गाळ पुन्हा फिरवत होतं.

दुसऱ्या वेळी तीन पर्याय होते. नवा कन्व्हर्टर सर्वांत महाग. भंगारातला सर्वांत स्वस्त, पण त्याच्या आत काय आहे ते कळणार नाही. तिसरा, लेथवर कापून, धुऊन, लॉकअप क्लचचं अस्तर आणि बेअरिंगं बदलून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स केलेला. नाना पेठेत मला त्याच कंपनीच्या पेट्रोल गाडीचा एक कन्व्हर्टर स्वस्तात मिळत होता. "बसतो की!" असं मी म्हणालोसुद्धा. मेस्त्रींनी मान हलवली. "बसेल, पण जुळणार नाही."

गाडी ब्रेकवर रोखून धरली तर इंजिन ज्या फेऱ्यांपर्यंत जाऊन अडतं, त्याला स्टॉल स्पीड म्हणतात. डिझेल इंजिनाचा जोर कमी फेऱ्यांवरच येतो, म्हणून त्याला कमी स्टॉलचा कन्व्हर्टर लागतो. पेट्रोलचा लावला तर तेल जास्त घसरणार, तापणार, आणि तापलेलं तेल प्लेटा जाळणार. शर्यतीच्या गाड्या मुद्दाम जास्त स्टॉल घेतात. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये त्याचं काय काम?

शेवटी मूळ नंबरचाच, दुरुस्त केलेला कन्व्हर्टर घेतला. तेल थंड करणारा कूलर आणि त्याच्या नळ्याही धुऊन घेतल्या, कारण गाळ तिथेही साचतो. बसवताना मी शेजारी उभा होतो. कन्व्हर्टर ऑइल पंपात पूर्ण आत बसला आहे याची खात्री करूनच मेस्त्रींनी बोल्ट आवळले. अर्धवट बसलेला असताना बोल्ट आवळले, तर पंपच फुटतो.

आपल्या वर्गातही हे होतं. नववीत बीजगणित अडलं की आपण बीजगणितच पुन्हा शिकवतो. पाचवीतले अपूर्णांक कच्चे राहिलेत का, हे उघडून बघत नाही. वेळ वाचतो, असं वाटतं.

गाडी घरी आणली तेव्हा पत्नीने आधी बिल मागितलं. एकेक ओळ वाचली, कन्व्हर्टरच्या नंबरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "या वेळी काही जुनं ठेवलं नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो. मग तिने किल्ली उचलली.